टाकसाळीची चूक की नंतरची ठोकाठोकी? नाणं असं पारखा

गेल्या पोळ्याला भाचा नांदेडला आला तो खिशात पाचाचं नाणं घेऊनच. "मामा, याच्यावरचा सिंह गायब आहे. एरर हाय, लाखात जातंय म्हणे." एक बाजू गुळगुळीत, दुसरीवर सगळं शाबूत. गल्लीतल्या सराफाच्या काट्यावर ठेवलं तर ५.२ ग्रॅम भरलं. २०११ च्या मालिकेतलं पिवळं पाचाचं नाणं ६ ग्रॅमचं असतं. पाऊण ग्रॅमहून जास्त धातू कुणीतरी घासून काढला होता. एकावर एक दोन चकत्या दाबल्या जाऊन एक बाजू खरंच कोरी राहिली असती, तर वजन जवळपास पूर्ण भरलं असतं.

नाणं हातात आलं की आधी विचारायचं: धातू कुठं गेला? टाकसाळीत पत्र्यातून चकत्या कापतात, भाजून मऊ करतात, त्यांची कड उचलतात. मग वर-खाली दोन डाय, म्हणजे छाप कोरलेले ठसे, आणि भोवती कॉलरचं कडं, अशा कचाट्यात एका दाबात नाणं पडतं. खरी चूक यातल्याच एखाद्या पायरीवर झालेली असते. जे या पायऱ्यांत बसत नाही, ते नंतरचं.

पहिलं काम, नाणं धुऊ नका. चिंच, राख, पितांबरी काहीच नको. घासलं की पुरावाही जातो आणि किंमतही.

मग साल बघा. सालाखाली चांदणी असेल तर नाणं हैदराबादचं, पत्त्यातल्यासारखी चौकट असेल तर मुंबईचं, ठिपका असेल तर नोएडाचं, काहीच नसेल तर कोलकात्याचं. (१९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, म्हणून चांदणी दिसली की मला उगाच ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटतं.) साल कळल्याशिवाय वजनाला अर्थ नाही. १९९२ पासूनचा स्टीलचा रुपया ४.८५ ग्रॅमचा, २०११ च्या मालिकेतला ३.७९ चा. त्याच मालिकेतलं दहाचं दोन धातूंचं नाणं ७.७१ ग्रॅम. काटा दोन दशांशांपर्यंत दाखवणारा हवा, किराणा दुकानातला चालत नाही.

आता घड्याळजीचं भिंग घ्या आणि टॉर्च आडवा धरा. नाण्यावर एखादी रेघ दिसते. ती उंच आहे की खोल? डायला तडा गेला की दाबाखाली धातू त्या फटीत शिरतो, म्हणून डायच्या तड्याची रेघ नाण्यावर नेहमी वर उठलेली असते. ओरखडा खोल असतो, आणि नांगरानं सरीच्या दोन्ही बाजूंना माती सारावी तसा धातू त्याच्या काठांवर साचतो. नखानंही कळतं. निम्म्या 'एरर' नाण्यांचा निकाल इथंच लागतो.

कड तुटकी असेल तर समोरची कड बघा. चकती कापतानाच कोर गेली असेल, तर कड उचलताना तिथं दाब बसत नाही आणि नेमकी समोरची कडही फिकी राहते. अक्षरंही तुटक्या भागाकडे निमुळती होत जातात. कटरनं किंवा कानशीनं कापलेल्या नाण्यावर अक्षर मध्येच खाडकन तुटतं आणि समोरची कड ठणठणीत असते. वजन दोन्हीकडे कमीच भरतं, त्यामुळे इथं काटा कामाचा नाही.

सगळ्यात जास्त फसवणूक 'लखी'त, म्हणजे एका बाजूला उलटा ठसा उठलेल्या नाण्यात होते. आधीचं नाणं डायला चिकटून राहिलं, की पुढच्या चकतीवर एका बाजूला नेहमीचा छाप उठतो आणि दुसऱ्या बाजूला तोच छाप उलटा, खोलगट. नकली करणारे दोन नाणी एकमेकांवर ठेवून शिकंज्यात आवळतात. उलटा ठसा येतो, पण मूळ नक्षीही खालून डोकावते आणि पाठची बाजू चपटी होते. उलटा ठसा भलत्याच किमतीच्या नाण्याचा असेल तर पुढं बघायचीही गरज नाही.

छाप फिरलाय का, हे तपासायला नाणं वरच्या आणि खालच्या टोकाला धरून आडवं फिरवा. भारताच्या नाण्यांत दोन्ही बाजू सरळ उभ्या येतात. चार-पाच अंशांचा फरक किरकोळ. नव्वद किंवा एकशेऐंशी असेल तर जपून ठेवा. दहाच्या नाण्यात मात्र आधी सांधा बघा. मधली चकती ठोकून काढून, फिरवून परत बसवली असेल तर सांध्याजवळ ओरबाडे राहतात.

आपल्याकडची नेहमीची गिऱ्हाइकं वेगळीच. रुळावर ठेवून पसरट केलेलं, अक्षरं ओघळलेलं नाणं. घाटावर पोरांनी दोरीला चुंबक बांधून गोदावरीतून काढलेलं, वाळूनं खाल्लेलं. बंजारा दागिन्यातलं, कडी डाखल्याची खूण असलेलं. एकही एरर नाही. शेवटचं मात्र मी आवडीनं ठेवतो.

जाहिरातींतल्या लाखांच्या भावावर जाऊ नका. विकून देतो म्हणत आधी 'फी' मागितली तर फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नावानं असं कमिशन मागितलं जातं, याबद्दल बँकेनं २०२१ मध्येच सावध केलंय.

आणि घरात शिवराई, म्हणजे मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं असेल, छाप एका बाजूला सरकलेली, अर्धी अक्षरं बाहेर गेलेली, तर तिला यातलं काहीच लावू नका. ती हातोड्यानं पाडलेली, कॉलर नव्हतीच. तशा नाण्यांत पूर्ण छाप मधोमध बसलेलं सापडणं हीच नवलाई.