वळवाचे ढग कसे ओळखावेत

एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यातले नांगरलेले काळे रान दुपारी तापते आणि त्याला टेकलेली हवा हलकी होऊन वर चढू लागते. घारी पंख न हलवता गोल फिरत उंच जाताना दिसल्या, की ही चढती हवाच आपण पाहत आहोत असे समजावे. वर दाब कमी असल्याने ती फुगते व दर किलोमीटरला सुमारे १० अंश सेल्सिअसने थंड होते. पुरेसे बाष्प असेल, तर एका उंचीवर त्याचे थेंब बनतात, तिथेच ढगाचा सपाट तळ दिसतो, आणि थेंब बनताना सुटलेली उष्णता हवेला आणखी वर रेटते.

दुपारनंतर ढगाच्या माथ्यावर लक्ष ठेवावे. फुलकोबीसारखे ठसठशीत कंगोरे असेपर्यंत ढग वाढत असतो. माथा ऐरणीसारखा पसरला, की वीज पडण्याचा धोका मोठा असतो. अचानक गार वारा सुटून मातीचा वास आला, तर लगेच पक्के घर गाठावे. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून ३ ने भागल्यास अंतर किलोमीटरमध्ये कळते. मात्र गडगडाट ऐकू आला म्हणजे आपण टप्प्यात आहोतच, म्हणून झाडाखाली मुळीच थांबू नये आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे रानात परतू नये.