ओवळेकरवाडीत फुलपाखरं बघायला कसं जावं

पाऊस सरला की ठाण्याच्या घोडबंदर रोडला दोन गोष्टी वाढतात, ऊन आणि फुलपाखरं. ऑक्टोबरातला एखादा रविवार घरच्या सगळ्यांसाठी राखून ठेवायचा असेल, तर ओवळा गावातली ओवळेकरवाडी गाठा. दोनेक एकरांची ही एके काळची शेती. फुलपाखरांना लागतात ती झाडं लावून मालकांनीच तिची बाग केली. ती रविवारी सकाळी बघता येते, पण निघायच्या आधी एक फोन करून विचारलेलं बरं.

वेळ चुकवू नका. फुलपाखराचं रक्त थंड, ऊन अंगावर घेतल्याशिवाय त्याला उडता येत नाही. म्हणून पहाटे जाण्यात अर्थ नाही, आणि दुपारी तर नाहीच. आम्ही पहिल्यांदा आरामात नाश्ता करून, ट्रॅफिकमध्ये अडकून साडेबाराला पोहोचलो होतो. फुलपाखरं सावलीत गुपचूप, मुलगी भुकेने रडवेली. आता नऊच्या आत पोहोचतो. ठाणे स्टेशनहून घोडबंदरकडे जाणारी बस पकडून ओवळा नाक्याला उतरायचं.

सोबत पाणी, टोप्या, पायात बूट आणि असेल तर दुर्बीण. पोळीभाजीचा डबा घ्या, पण तो बागेबाहेर पडल्यावर उघडायचा. जाळी मात्र अजिबात नको. पंख चिमटीत धरले की बोटाला जी पूड लागते, ते त्यांचे खवले असतात आणि ते परत येत नाहीत. मुलांना हे घरीच सांगून ठेवा.

आत गेल्यावर सगळे भराभरा फेरी मारतात, तिथेच चुकतं. एक झाड धरा आणि दहा मिनिटं हलू नका. लिंबाचं किंवा कढीपत्त्याचं झाड दिसलं तर पानावर पाखराची विष्ठा पडल्यासारखं काही आहे का बघा. ते हललं तर समजा, कॉमन मॉरमॉनची किंवा लाइम बटरफ्लायची कोवळी अळी आहे. पक्ष्यांना फसवायचं तिचं हे सोंग. मोठी झाली की ती हिरवी होते, आणि डिवचलं तर डोक्यामागून दोन मऊ शिंगं बाहेर काढून उग्र वास सोडते. (डिवचू नका. मुलगी डिवचते, म्हणून मला माहीत.) पानफुटीचं पान उन्हाकडे धरून बघा. पांढुरकं, पोकळ दिसलं तर आत रेड पिएरो या फुलपाखराची अळी गर खात बसलेली असेल.

खुळखुळ्याच्या झुडपावर एकाच वेळी टायगर आणि क्रो जातीची दहा-बारा फुलपाखरं लोंबकळताना दिसतील. ते बहुतेक नर असतात. माद्यांना भुलवणारा गंध तयार करायला लागणारं द्रव्य त्यांना या झाडातून मिळतं. आजीला हे ऐकून भलतीच मजा वाटली.

काळ्या पंखांवर निळा पट्टा घेऊन काही सपकन गेलं, तर तो ब्लू मॉरमॉन असेल, आपला नीलवंत. 2015 साली तो महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू झाला. त्याच्यामागे धावू नका, ओल्या मातीजवळ थांबा. क्षार शोषायला तो तिथे उतरतो आणि तेव्हाच फोटो मिळतो.

अकराच्या सुमारास निघा. घरी आल्यावर गॅलरीतल्या कढीपत्त्याची पानं कुरतडलेली दिसली, तर फवारणी करायच्या आधी पानाची खालची बाजू एकदा उलटून बघा.