प्रारूप विकास आराखड्यावर हरकत कशी नोंदवावी

गावात पुढची 20 वर्षं कुठली जमीन कशासाठी वापरायची, ते महापालिका किंवा नगरपरिषद विकास आराखड्यात ठरवते. त्याचं प्रारूप, म्हणजे कच्चा मसुदा, प्रसिद्ध झालं की हरकती-सूचनांसाठी साधारण 30 दिवस मिळतात. शेवटची तारीख नोटिशीतच पाहा.

वस्तीतल्या लोकांचे अर्ज मी लिहून देते, तेव्हा आधी विचारते, "सातबारा आणलात?" गट नंबर हाती असला तरच नकाशात आपली जागा नेमकी सापडते. मग विद्यमान जमीन वापराचा नकाशा शेजारी ठेवा. तिथे तुमचं घर पिवळ्या, म्हणजे रहिवासी रंगात आहे आणि नव्या नकाशात त्यावरूनच 18 मीटरचा रस्ता गेलाय, तर तीच तुमची हरकत. "आमच्यावर अन्याय झाला" एवढ्यावर भागत नाही. बांधकाम परवानगी, मोजणीचा नकाशा जोडा आणि रस्ता कुठून वळवता येईल तेही रेखाटून द्या. पर्याय सुचवणारा अर्ज बाजूला सारणं जड जातं, असं माझं मत.

पोच शिक्क्यानिशी घ्याच. सुनावणीला नियोजन समितीपुढे स्वतः उभे राहा. मैदानाचं, दवाखान्याचं आरक्षण, म्हणजे त्यासाठी राखून ठेवलेली जागा, उठवा म्हणणारे अर्जही तिथे येतात. ते आरक्षण आम्हाला हवंय, हेसुद्धा लेखी द्या.