एकोणीस वर्षांच्या पोराला बाकावर कुजवू नका: फुटबॉल मॅनेजरमधला मिनिटांचा हिशेब

फुटबॉल मॅनेजर या संगणक गेममध्ये तुम्ही एका क्लबचे मॅनेजर असता. तिथे सोळा वर्षांचा वंडरकिड, म्हणजे अफाट गुणवत्तेचा पोरगा, हाती लागला की बहुतेक जण त्याला लगेच मुख्य संघात ओढतात आणि शेवटच्या पाच मिनिटांपुरता मैदानावर सोडतात. तीन सीझन गेले की भरवशाच्या म्हशीला टोणगा का झाला, याचा शोध सुरू होतो. उत्तर बहुतेक वेळा मिनिटांत सापडतं: किती, कोणत्या वयात आणि कोणत्या पातळीवर. इथली माहिती 'फुटबॉल मॅनेजर २०२४' डोळ्यांसमोर ठेवून दिली आहे. आधीच्या दोन-चार आवृत्त्यांनाही ती थोड्याफार फरकाने लागू पडते.

गेममध्ये प्रत्येक खेळाडूचे दोन आकडे लपवलेले असतात, दोन्ही २०० पैकी. करंट अ‍ॅबिलिटी म्हणजे आजची कुवत आणि पोटेन्शियल अ‍ॅबिलिटी म्हणजे कमाल मर्यादा. सेव्ह, म्हणजे तुमचा खेळ, सुरू झाल्यावर ही मर्यादा हलत नाही, तुम्ही पोराला साठ सामने खेळवले तरी नाही. तिथपर्यंत तो पोहोचणार का आणि किती लवकर, एवढंच मिनिटांच्या हातात असतं. कोचच्या रिपोर्टमधले तारे बघून घाबरू नका. ते तुमच्याच संघाच्या तुलनेत दिलेले असतात, त्यामुळे संघ सुधारला की पोरगा जागच्या जागी असूनही त्याचा अर्धा तारा गळतो. प्रगती बघायची तर डेव्हलपमेंट टॅबमधला गेल्या बारा महिन्यांचा आलेख उघडा.

अठराच्या आधी घाई नको

१५ ते १७ या वयात खरं काम ट्रेनिंग, सुविधा आणि स्वभाव करतात. वरिष्ठ संघातल्या मिनिटांचा फायदा या टप्प्यावर तुलनेने कमी असतो. म्हणून त्याला नोंदीपुरतं मुख्य संघात घ्या, म्हणजे चांगल्या कोचकडे सराव होईल आणि मेंटरिंग गटात, म्हणजे जिथे थोरांचा स्वभाव पोरांना लागतो तिथे, बसवता येईल. गटात किमान तिघे लागतात. त्यातले दोघे क्लबमध्ये मुरलेले, 'मॉडेल प्रोफेशनल' किंवा 'प्रोफेशनल' स्वभावाचे असतील असं बघा. सामन्यांसाठी मात्र त्याला १८ वर्षांखालच्या संघाला 'नेहमी उपलब्ध' करून ठेवा. सराव थोरांबरोबर, सामने बरोबरीच्यांबरोबर.

हीच पायरी सर्वांत जास्त चुकते. मुख्य संघात घेतलेला पोरगा दोन्हीकडे उपलब्ध आहे असं समजून खेळणारे निर्धास्त असतात. पर्याय बदललाच नसेल तर तो इकडेही खेळत नाही आणि तिकडेही नाही. मॅच शार्पनेस, म्हणजे सामन्यासाठीची धार, उतरते, पुढे मनोधैर्यही.

अठरा ते एकवीस: जागेचं गणित मांडा

या तीन वर्षांत मिनिटंच सगळ्यात मोलाची. सीझन सुरू होण्याआधी प्रत्येक जागेचा हिशेब कागदावर मांडा. लीग, कप आणि युरोप धरून ५० सामने असतील, तर एका जागेवर ५० गुणिले ९० म्हणजे ४५०० मिनिटं आहेत. पहिल्या पसंतीच्या खेळाडूने त्यातली ६० टक्के, म्हणजे २७०० घेतली, तरी १८०० उरतात. पोरगा त्या जागेचा एकटा वारसदार असेल तर एवढ्यावर त्याचं छान भागतं, घरीच ठेवा. मध्ये तिसरा खेळाडू असेल तर दोघांच्या वाट्याला प्रत्येकी ९०० येतात, आणि तेही आणखी कोणी वाटा मागितला नाही तर. असं दिसलं की एक तर त्या तिसऱ्याला विका, नाही तर पोराला लोनवर, म्हणजे ठरावीक काळासाठी दुसऱ्या क्लबकडे, पाठवा.

आमचा ठोकताळा १५०० ते २००० मिनिटांचा आहे. गेम असा कोणताही आकडा दाखवत नाही. पण हजाराच्या खाली राहिलेला एकोणीस वर्षांचा खेळाडू क्वचितच वर सरकतो.

बदली म्हणून उतरवायचं असेल तर ६० व्या मिनिटाला उतरवा. असे १५ सामने म्हणजे ४५० मिनिटं. ८५ व्या मिनिटाला तेच १५ सामने केले तर जेमतेम ७५ होतात. दोन गोलांची आघाडी मिळाली की पहिली बदली त्याच्या नावाची, एवढा नियम पाळला तरी सीझनअखेर बराच फरक दिसतो. शनिवारी बाकावरच बसून राहिला, तर 'मॅच फिट होईपर्यंत' हा पर्याय लावून त्याला २१ वर्षांखालच्या संघात खेळवा. राखीव संघातली मिनिटं वरिष्ठ लीगइतकी कसदार नसतात, पण गंज चढू देत नाहीत.

करारात त्याचा दर्जाही जपून ठरवा. 'रेग्युलर स्टार्टर' कबूल करून बाकावर बसवलं की तो दारात येऊन उभा राहणारच. 'ब्रेकथ्रू प्रॉस्पेक्ट' पुरेसा असतो.

लोन: सही करण्याआधी आणि नंतर

पहिली ऑफर आली की स्वीकारायची, हा लोनचा सर्वांत महाग प्रकार. आधी त्या क्लबचं स्क्वाड पान उघडून त्याच जागेवर किती जण आहेत ते मोजा. कागदावर 'इम्पॉर्टंट प्लेयर' लिहिलेलं असतं आणि तिथे आधीच तीन लेफ्ट बॅक बसलेले असतात, हे वरचेवर दिसतं. मग करारात या गोष्टी मागा: कबूल केलेला खेळण्याचा दर्जा, तुम्हाला हवी ती जागा, न खेळवल्यास वाढणारी दरमहा रक्कम आणि परत बोलावण्याची मुभा. पगारातला वाटा थोडा जास्त उचलावा लागला तरी चालेल, पण ही मुभा सोडू नका. क्लबच्या ट्रेनिंग सुविधाही बघा, कारण वर्षभर तो तिथेच सराव करणार आहे.

लीगची पातळी त्याला थोडी जड जावी, पण चिरडू नये. सामन्यांमधलं सरासरी रेटिंग दहापैकी ६.८ ते ७.१ दरम्यान राहत असेल तर निवड बरोबर आहे. सतत ६.५ दिसत असेल तर पातळी फार वरची आहे, आणि ७.४ असेल तर पुढच्या सीझनला एक पायरी चढवा. खऱ्या फुटबॉलमध्ये मार्टिन ओडेगार्डचा प्रवास असाच झाला. २०१५ मध्ये सोळाव्या वर्षी रेआल माद्रिद, तिथून लोनवर हेरेनवेन, मग व्हिटेस आणि नंतर रेआल सोसिएदाद. दोन डच क्लब आधी, स्पेनची ला लिगा त्यानंतर.

डिसेंबरच्या मध्यावर लोनच्या यादीवर नजर टाका. आठ सामनेही सुरुवातीपासून खेळला नसेल तर जानेवारीत परत बोलवा. इथे एक खाच आहे. फिफाच्या नियमानुसार खेळाडूची नोंदणी एका सीझनमध्ये तीन क्लबांकडे होऊ शकते, पण अधिकृत सामने तो दोनच क्लबांकडून खेळू शकतो, आणि गेमही हा नियम पाळतो. म्हणजे ऑगस्टमध्ये तुम्ही त्याला हौसेने पाच मिनिटं उतरवलं, मग लोनच्या क्लबने एक सामना खेळवला, की जानेवारीत तिसरीकडे पाठवून उपयोग शून्य. लोनवर जाणार हे नक्की असेल तर त्या पाच मिनिटांचा मोह टाळा.

युरोपीय स्पर्धा खेळत असाल तर आणखी एक हिशेब. युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेच्या २५ जणांच्या यादीत चार जागा क्लबमध्येच घडलेल्यांसाठी असतात. त्यासाठी वयाच्या १५ ते २१ दरम्यान तीन पूर्ण सीझन किंवा ३६ महिने तुमच्याकडे नोंदणी लागते. लोनवर गेलेला खेळाडू त्या काळात दुसऱ्या क्लबकडे नोंदलेला असतो. सतराव्या वर्षी लोनवर पाठवायचं नाही, त्याचं हे दुसरं कारण.

मिनिटं देऊनही वाढत नसेल तर

आधी स्वभाव तपासा. प्रोफेशनलिझम कमी असेल तर मिनिटं पालथ्या घड्यावर पाणी, अशा वेळी लोन थांबवून वर्षभर मेंटरिंगला द्या. मग दुखापतींचा इतिहास बघा. एकोणिसाव्या वर्षीची सहा महिन्यांची दुखापत पुढचं सगळं वेळापत्रक मागे ढकलते. आठवड्याला दोन सामने पूर्ण ९० मिनिटं खेळणारा अठरा वर्षांचा पोरगा थकतोही लवकर. त्याला अधूनमधून आठवडाभर सुट्टी द्या, आणि दुसऱ्या सामन्यात तासाभराने बाहेर काढा.

गोलरक्षकांना वेगळी फूटपट्टी लावा. ते उशिरा फुलतात आणि जागा एकच असते, त्यामुळे १८ ते २१ मध्ये त्यांना जवळजवळ नेहमी लोनवरच पाठवावं लागतं. खालच्या डिव्हिजनचा पहिल्या पसंतीचा गोलकीपर होणं तुमच्याकडे फक्त कपचे पाच-सहा सामने खेळण्यापेक्षा कितीतरी पटींनी फायद्याचं. तेविशीपर्यंत तो अर्धवट वाटला तरी विकायची घाई करू नका.