इथिलीन बनवणारं बॅक्टेरियाचं एन्झाइम: स्ट्रक्चर उघडून कसं समजून घ्यायचं

इथिलीन म्हटलं की फळं पिकणं आठवतं, आणि झाडं इथिलीन मेथिओनिन या अमिनो अ‍ॅसिडपासून आधी एसीसी नावाचा मधला रेणू बनवून करतात हे बायोकेमिस्ट्रीच्या पुस्तकात असतंच. पण स्युडोमोनास सिरिंजी नावाचा, झाडांवर रोग पाडणारा बॅक्टेरिया हा सगळा रस्ता सोडून एकाच एन्झाइमने थेट २-ऑक्सोग्लुटरेटमधून इथिलीन काढतो. याला इथिलीन-फॉर्मिंग एन्झाइम, थोडक्यात ईएफई म्हणतात. मला हे एन्झाइम फार आवडतं कारण एवढ्याशा प्रोटीनमध्ये, साधारण ३५० अमिनो अ‍ॅसिड्समध्ये, दोन वेगवेगळ्या रिअ‍ॅक्शन चालतात आणि त्या का चालतात हे स्ट्रक्चरमध्ये बऱ्यापैकी दिसतं. फक्त कुठे बघायचं ते माहीत हवं.

स्क्रीनकडे जायच्या आधी कागद-पेन घ्या, ही पायरी गाळू नका. २-ऑक्सोग्लुटरेट काढा आणि कार्बनला नंबर द्या: १ कार्बोक्सिल, २ कीटो, ३ आणि ४ साधे सीएच२, ५ परत कार्बोक्सिल. आता १, २ आणि ५ वर काट मारा, हे तिन्ही कार्बन डायऑक्साइड म्हणून जातात. उरले ३ आणि ४, तेच इथिलीन. म्हणजे ऑक्सिजनचा एक रेणू वापरून एका फेरीत तीन कार्बन-कार्बन बॉन्ड तुटले! ईएफई ज्या फॅमिलीतलं आहे, म्हणजे आयर्न आणि २-ऑक्सोग्लुटरेट वापरणारी एन्झाइम्स, त्यातली बाकीची २-ऑक्सोग्लुटरेटचा एकच बॉन्ड तोडतात, १ आणि २ मधला, आणि सक्सिनेट सोडून देतात. हा फरक डोक्यात पक्का बसला की पुढचं सगळं सोपं जातं.

आता प्रोटीन डेटा बँकमधून ५व्ही२वाय हे स्ट्रक्चर उघडा, पायमॉल, कायमेराएक्स किंवा ब्राउझरमधला मोलस्टार, जे हाताशी असेल त्यात. पाणी लपवा, प्रोटीन कार्टूनमध्ये ठेवा. मधे बीटा शीट्सचं पिंप दिसेल, तो या फॅमिलीचा नेहमीचा फोल्ड, त्यावर फार वेळ घालवू नका. सरळ मेटलवर झूम करा. इथे आयर्न नाही, मँगनीज दिसेल. क्रिस्टल बनवताना फेरस आयर्न हवेत ऑक्सिडाइज होतं आणि रिअ‍ॅक्शनही सुरू होते, म्हणून त्याच्या जागी मँगनीज ठेवतात, जे तिथेच बसतं पण काम करत नाही. मेटलला धरणारे तीन रेसिड्यू, म्हणजे प्रोटीनच्या साखळीतली अमिनो अ‍ॅसिड्स, शोधा: हिस्टिडीन १८९, अ‍ॅस्पार्टेट १९१ आणि हिस्टिडीन २६८.

मग २-ऑक्सोग्लुटरेट, फाइलमध्ये त्याचा कोड एकेजी. मघाशी दिलेले नंबर इथे कामाला येतात, १ नंबरचं कार्बोक्सिल आणि २ नंबरचा कीटो दोन्ही मेटलला लागलेले दिसतील आणि ५ नंबरचं टोक आर्जिनीन २७७ ला धरून बसलेलं असेल. मधला ३-४ चा भाग फिनाइलअ‍ॅलनिन २८३ सारख्या पाणी टाळणाऱ्या रेसिड्यूंच्या खिशात असतो.

आता आर्जिनीन, ईएफई ज्यावर काम करतं तो दुसरा रेणू (सबस्ट्रेट), आणि इथे बरेच जण अडकतात. प्रोटीनमधल्या आर्जिनीनचा आणि बाहेरून आलेल्या सुट्या आर्जिनीनचा कोड एकच आहे, एआरजी, त्यामुळे नुसतं एआरजी सिलेक्ट केलं तर प्रोटीनभरची सगळी उजळतात, तेव्हा हेटरोअ‍ॅटमवाला, म्हणजे साखळीबाहेरच्या रेणूंचा, रेकॉर्डच निवडा. तो सापडला की त्याला वेगळा रंग द्या आणि मेटलपासून आर्जिनीनच्या ५ नंबरच्या कार्बनपर्यंतचं (त्याच्या कार्बोक्सिलपासून मोजत पाचवा) अंतर मोजा. तो मेटलला चिकटलेला नाही, नुसता जवळ आहे.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. इथिलीन बनताना आर्जिनीन खर्च होत नाही, पण ते नसेल तर इथिलीन अगदीच कमी बनतं. का? २०१७ मध्ये आलेल्या स्ट्रक्चर्समधलं आर्जिनीन नसलेलं एक उघडून यावर ठेवून बघा. तिथे २-ऑक्सोग्लुटरेट मेटलला एकाच ऑक्सिजनने लागलेलं असतं, आर्जिनीन आलं की दोन्हीने. शिवाय अ‍ॅस्पार्टेट १९१ आणि टायरोसीन १९२ मधला पेप्टाइड बॉन्ड पिळला जातो. त्याचा ओमेगा अँगल, म्हणजे त्या बॉन्डभोवतीच्या पिळाचा कोन, मोजा, नेहमी तो १८० च्या आसपास असतो, इथे त्यापासून लांब सरकलेला दिसेल. म्हणजे आर्जिनीन येऊन अ‍ॅक्टिव्ह साइटची मांडणीच बदलतं.

दुसरी रिअ‍ॅक्शनही इथेच होते. कधीकधी २-ऑक्सोग्लुटरेट नेहमीसारखं तुटून सक्सिनेट होतं, आयर्न(४)-ऑक्सो, म्हणजे ऑक्सिजन अणू लागलेलं फार रिअ‍ॅक्टिव्ह आयर्न, बनतं आणि ते आर्जिनीनच्या ५ नंबरच्या कार्बनवर ओएच लावतं, मग त्याचे दोन तुकडे होतात, ग्वानिडीन आणि पायरोलीन कार्बोक्सिलेट. ढोबळमानाने दोन इथिलीनमागे एक आर्जिनीन जातं. १९९२ मध्ये जपानी संशोधकांनी या दोन्ही रिअ‍ॅक्शन एकमेकींना जोडलेल्या आहेत असं मांडलं होतं, पण २०२१ च्या कामात दिसलं की आयर्न(४)-ऑक्सो फक्त आर्जिनीनच्या वाटेवर आहे, इथिलीनची वाट त्याच्या आधीच फुटते.

लॅबमध्ये हे तपासायचं असेल तर सील केलेल्या व्हायलमध्ये एन्झाइम, २-ऑक्सोग्लुटरेट, आर्जिनीन, फेरस आयर्न आणि थोडं अ‍ॅस्कॉर्बेट घ्या, वरच्या हवेतला गॅस सिरिंजने काढून गॅस क्रोमॅटोग्राफवर मारा. फेरसचं सोल्युशन त्याच वेळी बनवा, पिवळसर झालं की टाकून द्या. व्हायलमध्ये वर पुरेशी हवा राहू द्या, कारण ऑक्सिजन हासुद्धा सबस्ट्रेट आहे आणि काठोकाठ भरलं तर रिअ‍ॅक्शन मधेच अडते. कंट्रोल म्हणून एकात आर्जिनीन नको, एकात आयर्न नको आणि एकात उकळलेलं एन्झाइम. फक्त इथिलीन मोजून थांबू नका, सक्सिनेटही मोजा, नाहीतर दोन वाटांमधलं प्रमाण कळणारच नाही, आणि म्युटंट बनवत असाल तर सगळी मजा त्या प्रमाणातच आहे.

सायनोबॅक्टेरियात हे जीन घालून कार्बन डायऑक्साइडपासून इथिलीन काढायचा विचार असेल तर ग्वानिडीनचा हिशोब आधीच करा. ते पेशीला विषारी आहे, साठत गेलं की ज्या पेशींमध्ये जीन बिघडलंय त्याच पुढे वाढतात आणि कल्चर इथिलीन देणं बंद करतं. सिनेकोसिस्टिस या सायनोबॅक्टेरियात ग्वानिडीन तोडणारं एन्झाइम चालू ठेवलं की स्ट्रेन टिकतो, त्यामुळे ते तुमच्या स्ट्रेनमध्ये आहे का हे पहिल्यांदा बघा.