एका सॉर्टीत (शिकवणीच्या एका उड्डाणात) किती कोंबायचं? फ्लाइंग इन्स्ट्रक्टर लोकहो, या चुका टाळा

नवीन इन्स्ट्रक्टर बोर्डावर सात मुद्दे लिहितो आणि म्हणतो, आज हे सगळं करून टाकू. अरे भाऊ, एक तासाची सॉर्टी म्हणजे हवेत एक तास नाही. चाकांचे अडसर, म्हणजे चोक, काढल्यापासून परत लावेपर्यंतचा वेळ लॉगबुकात जातो, त्यातून टॅक्सी (विमान जमिनीवर चालवत नेणं), रन-अप (उड्डाणाआधीची इंजिन तपासणी), प्रॅक्टिस एरियात जाणं-येणं वजा केलं की शिकवायला उरतात जेमतेम पस्तीस-चाळीस मिनिटं.

मागे चोपड्याकडचं एक पोरगं माझ्याकडे आलं. आधीच्या इन्स्ट्रक्टरने त्याला एकाच सॉर्टीत स्टॉल (पंखांची उचल तुटणं), स्टीप टर्न (तीव्र वळण), फोर्स्ड लँडिंग (इंजिन बंद पडल्यासारखं उतरणं) आणि वरून सर्किट (धावपट्टीभोवती फेरी मारून उतरणं) असं सगळं उरकवलेलं, तेही एप्रिलात साडेदहाला, जेव्हा थर्मलने (तापून वर जाणाऱ्या हवेने) छोटी सेसना 172 नुसती उसळत असते. सर्किटला येईपर्यंत पोराचं डोकं बंद. डाउनविंडचे (धावपट्टीला समांतर टप्प्यातले) चेक राहिले, फायनलला (उतरण्याआधीच्या सरळ टप्प्यात) 65 नॉटऐवजी 75-80, फ्लेअर केला (टेकण्याआधी नाक उचललं) तर विमान टेकेचना, मग यानं नाक दाबलं, बाउन्स झाला, परत दाबलं. इन्स्ट्रक्टरने गो-अराउंड घेतला (उतरणं सोडून विमान परत वर नेलं) म्हणून नोजव्हील (पुढचं चाक) वाचलं. पोराला लँडिंगची धास्ती बसली ती बसलीच, आणि स्टॉल रिकव्हरी विचारली तर म्हणे "फुल पॉवर". नाक खाली करायचं असतं हे गायब! म्हणजे चार गोष्टी दाखवल्या, लक्षात एकही नाही.

माझी सवय सांगतो, नवीन गोष्ट एकच, सोबत जुन्या एक-दोन, आणि परतल्यावर पोरगं ताजं असेल तरच एखादं सर्किट.

दुसरी चूक, डिसेंबरचा प्लॅन मेमध्ये वापरणं. जळगावची धावपट्टी समुद्रसपाटीपासून हजार फुटांच्याही खाली, पण 44 अंशाला डेन्सिटी अल्टिट्यूड (विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची) जातो साडेचार हजार फुटांच्या आसपास, विमान चढतच नाही, स्टॉलसाठी उंची गाठण्यातच वेळ जातो. उन्हाळ्यात पहिली सॉर्टी उजाडता उजाडता, आणि यादी निम्मी.

ब्रीफिंग टॅक्सी करता करता देऊ नका. पोरगं वाचून आलं नसेल तर नवीन काही नाही, उजळणी करा. घरच्यांचे फोन येतात, "सर, तास किती झाले?", कमर्शियल लायसन्ससाठी 200 तास भरायचेत म्हणून पोरांनाही घाई, त्या घाईला प्लॅनमध्ये जागा देऊ नका.

डीब्रीफला (उड्डाणानंतरच्या चर्चेत) मी आधी बोलत नाही, आज काय चुकलं ते पोरालाच विचारतो, आणि त्याला सांगता आलं नाही तर पुढच्या सॉर्टीला तोच पाठ परत, कितीही तोंड वाकडं केलं तरी.