गाराशानिन समजून घ्यायचाय? मग नाचेर्तानियेपासून सुरुवात करू नका

इलिया गाराशानिन, एकोणिसाव्या शतकातला सर्बियाचा मंत्री, हे नाव बहुतेकांना एकाच कारणाने माहीत असतं, सर्बियाच्या विस्ताराचा १८४४ चा तो गुप्त आराखडा, नाचेर्तानिये. लोक तो उघडतात, त्यात सर्ब सम्राट दुशानच्या चौदाव्या शतकातल्या साम्राज्याचा उल्लेख दिसतो आणि लगेच विसाव्या शतकातली सगळी युद्धं त्या माणसाच्या माथ्यावर टाकून मोकळे होतात. मी पण सुरुवातीला तसंच वाचलं होतं आणि त्यामुळे माझी दोन वर्षं चुकीच्या वाटेने गेली, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी एक कोरा कागद घ्या आणि त्यावर फक्त सर्बियाच्या गादीवर कोण होतं ते लिहा. मिलोश ओब्रेनोविच १८३९ पर्यंत, मग त्याचा मुलगा मिलान जेमतेम काही आठवडे, मग दुसरा मुलगा मिहाइलो १८४२ पर्यंत, मग अलेक्सांदर काराजोर्जेविच १८५८ पर्यंत, मग परत म्हातारा मिलोश, आणि १८६० ला तो गेल्यावर परत मिहाइलो, १८६८ पर्यंत. दोन घराणी आलटून पालटून. हा कागद शेजारी नसेल तर पुढचं काहीच कळत नाही, कारण इथे राजा बदलला की मंत्री, दोस्त, दुश्मन सगळंच बदलतं. आणि हे राजे म्हणजे क्न्याझ, स्वतंत्र नाहीत, तुर्की सुलतानाचे मांडलिक. १८३० ला स्वायत्तता मिळाली पण खंडणी चालूच, बेलग्रेडच्या किल्ल्यात तुर्की शिबंदी बसलेली. पूर्ण स्वातंत्र्य १८७८ ला, म्हणजे गाराशानिन वारल्यानंतर चार वर्षांनी. त्याने आयुष्यभर जे केलं ते मांडलिक देशाचा मंत्री म्हणून केलं, हे डोक्यात पक्कं बसवा.

तारखांचं एक सांगतो, नाहीतर गोंधळ होतो. सर्बियात तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर होतं, त्या शतकात फरक १२ दिवसांचा. म्हणून मिहाइलोचा खून कुठे २९ मे ला दिसेल, कुठे १० जूनला, दोन्ही बरोबर. नोट्स काढताना दोन्ही लिहा किंवा एकच पद्धत धरून चाला.

आता त्याच्या खुर्च्या बघा, कारण माझ्या मते या माणसाचं खरं राजकारण खुर्चीतून कळतं, आराखड्यातून नाही. गाराशी गावात १८१२ चा जन्म, वडील मिलुतिन गुराढोरांचा व्यापार करणारे वजनदार गृहस्थ. पोरगा आधी कस्टममध्ये, मग १८३७ ला मिलोशने त्याला कर्नल करून सैन्यात बसवलं. पुढे १८३८ ची राज्यघटना आली, जिला लोक तुर्की राज्यघटनाच म्हणतात कारण ती सुलतानाच्या फर्मानाने आली, त्यात १७ जणांचं कौन्सिल आणि राजाला ते मनाला येईल तसं काढता येईना. या कौन्सिलच्या बाजूने उभे राहिलेले लोक म्हणजे उस्तावोब्रानितेली, घटनेचे रक्षक. १८४२ ला त्यांचाच पुढारी तोमा वुचिच पेरिशिच याच्या बंडात त्यांनी मिहाइलोला घालवलं. त्याच धामधुमीत इलियाचे वडील आणि भाऊ लुका मारले गेले, मिहाइलोच्या बाजूच्या लोकांकडून. इथे थांबा आणि कागदावर ठळक लिहून ठेवा, कारण पुढे हे लागणार आहे.

१८४३ ते १८५२ तो गृहमंत्री. हा काळ लोक भरभर वाचून पुढे जातात आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. पोलीस, जिल्ह्याजिल्ह्यातले अधिकारी, कागदपत्रांची शिस्त, हे सगळं याच वर्षांत उभं राहिलं. तो नोकरशाहीवर विश्वास ठेवणारा माणूस, लोकांच्या सभेला अधिकार द्यायला फारसा तयार नव्हता, आणि ही त्याची मर्यादा होती असं माझं स्पष्ट मत आहे. १८५२ ला आधीचा प्रमुख पेत्रोनियेविच वारल्यावर गाराशानिन सरकारचा प्रमुख झाला, पण तो फ्रान्सकडे झुकलेला म्हणून रशियाला नकोसा, आणि १८५३ ला रशियाचा दूत मेन्शिकोव्ह याच्या दबावामुळे अलेक्सांदरने त्याला काढलं.

एवढं झालं की मग नाचेर्तानिये उघडा, आणि एकटं उघडू नका. पोलिश सरदार चार्तोरिस्कीचा माणूस, फ्रांतिशेक झाख नावाचा चेक, बेलग्रेडमध्ये होता, त्याने आधी एक प्लॅन लिहून दिला होता. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून ओळ-ओळ ताडून बघा. बराच भाग तसाच उचललेला आहे, पण झाख जिथे दक्षिण स्लाव म्हणतो तिथे गाराशानिन बऱ्याचदा सर्ब करतो, आणि क्रोएशियाबद्दलचा भाग गाळतो. त्याचं स्वतःचं डोकं या बदलांतच दिसतं. व्यापाराचा भाग तर नक्की वाचा, सर्बियाचा माल ऑस्ट्रियातूनच जायचा म्हणून त्याला एड्रियाटिक समुद्रावरच्या उल्त्सिन्य बंदरापर्यंत वाट हवी होती. आणि हे गुप्त होतं, छापून आलं थेट १९०६ ला, त्यामुळे त्याच्या काळातल्या बहुतेकांनी त्याला ओळखलं ते मंत्री म्हणून, या कागदामुळे नाही.

शेवटचा आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा टप्पा १८६१ ते १८६७. आता तो ठळक लिहिलेला मुद्दा काढा. ज्या मिहाइलोच्या माणसांनी वडील आणि भाऊ मारले, त्याच मिहाइलोने याला सरकारचा प्रमुख आणि परराष्ट्रमंत्री केलं आणि याने ते स्वीकारलं. दोघांनी मिळून काम केलं. १८६२ ला बेलग्रेडमधल्या चुकुर कारंज्यापाशी पाणी भरण्यावरून भांडण, एक सर्ब पोरगा जखमी, आणि दोनच दिवसांत तुर्कांनी किल्ल्यावरून शहरावर तोफा डागल्या. त्यानंतर पाच वर्षं चिकाटीने वाटाघाटी, सोबत माँटेनेग्रोशी करार आणि ग्रीसशी बोलणी, आणि एप्रिल १८६७ ला कालेमेग्दानवर, म्हणजे बेलग्रेडच्या किल्ल्यापाशी, तुर्कांच्या ताब्यातल्या किल्ल्यांच्या चाव्या मिहाइलोच्या हातात. युद्ध न करता! हा भाग घाईत वाचू नका, गाराशानिनचा संथ, धीराचा स्वभाव इथेच दिसतो.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मिहाइलोने त्याला काढलं. कारणांवर वाद आहे, कोणी ऑस्ट्रिया-हंगेरीशी वाढलेल्या जवळिकीचं म्हणतं, कोणी मिहाइलोला चुलतबहिणीच्या मुलीशी, कातारिनाशी, लग्न करायचं होतं आणि याचा विरोध होता ते म्हणतं. एकच कारण पकडून बसू नका, दोन्ही नोंदवा. मग १८६८ चा तो दिवस वाचा. बेलग्रेडजवळच्या तोप्चिदेरच्या रानात मिहाइलोवर गोळ्या झाडल्या गेल्या, सोबत असलेला गाराशानिनचा मुलगा स्वेतोझार, राजाचा अ‍ॅडज्युटंट, जखमी झाला. गाराशानिन स्वतः तिथेच जवळपास फिरायला आलेला, पदावर नव्हता, आणि बातमी कळल्यावर तो तडक बेलग्रेडला गेला आणि मंत्र्यांना सावध केलं, कटवाल्यांनी शहर ताब्यात घ्यायच्या आत.